जुनं आयात .२२ पिस्तूल सारखं अडकतंय? आधी मागच्या मालकाची कारागिरी तपासा

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. पहिलं मॅगझिन सुरळीत जातं. दुसऱ्यात एखादी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, स्लाइडच्या (पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या) फटीत उभी अडकते. तिसऱ्यापासून दर दोन-चार काडतुसांमागे खोळंबा. घरी येऊन साफसफाई केली की पुढच्या खेपेला पुन्हा पहिलं मॅगझिन ठीक, आणि पुढे तोच प्रकार. मग काडतुसं बदलून बघायची, तेल बदलून बघायचं, कुणीतरी म्हणालं म्हणून रॅम्प, म्हणजे काडतूस नळीकडे वर चढतं तो उतार, घासून घ्यायचा. एवढं करूनही दुखणं जागच्या जागी.

हे सगळं लिहितोय ते जुन्या, आटोपशीर आकाराच्या पॉइंट टू-टू सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांबद्दल. वॉल्थर पीपी आणि पीपीके, बेरेटाची सत्तर मालिका, स्पॅनिश बनावटीची स्टार, अशी मंडळी. माझ्याकडे पीपी आहे, म्हणून उदाहरणं त्याचीच जास्त येतील. तत्त्व मात्र सगळ्यांना लागू. रिव्हॉल्व्हरवाल्यांना यातलं फारसं काही लागू नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वय झालं म्हणून ही पिस्तुलं अडकत नाहीत. मधल्या चाळीस-पन्नास वर्षांत कुणी ना कुणी त्यांच्यात 'सुधारणा' करून ठेवलेल्या असतात, त्या नडतात. म्हणून नवीन काही बदलायच्या आधी जुने बदल शोधा आणि ते उलटवा.

आपल्याकडे हे जास्त का होतं, तेही सरळ आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून साध्या परवानाधारकाला परदेशातून शस्त्र आणता येत नाही. नामवंत नेमबाजांसारखे अपवाद सोडले तर दार बंदच. त्यामुळे बाजारात फिरतात ती त्याआधी आलेली हत्यारं. तीच या हातातून त्या हातात जातात, भाव लाखांत, आणि सुटे भाग मिळायची मारामार. मूळ स्प्रिंग मिळत नाही म्हणून मिळेल ती बसवली जाते. एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी मागे खेचून काढणारी आकडी) तुटला की घडवला जातो. मुंबईतले काही जुने कारागीर हाताने इतका सुरेख एक्स्ट्रॅक्टर बनवतात की मूळचा आणि हा ओळखू येऊ नये. पण सगळेच तसे नसतात, आणि मागच्या मालकाने काम कुणाकडून करून घेतलं ते कागदावर कुठेच नसतं.

स्वतः काय करायचं, काय नाही

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्ये विक्रीइतकाच स्पष्ट उल्लेख दुरुस्तीचा आहे. दुरुस्ती, फेरफार, चाचणी हा धंदा ज्याच्याकडे तसा परवाना आहे त्याचा. नळी तोकडी करणं कलम ६ खाली येतं. म्हणजे आपल्या हद्दीत उरतं काय? नेहमीसारखं खोलून साफ करणं, तेल देणं, बारकाईने बघणं आणि नोंद ठेवणं. कानस, पॉलिश पेपर, ड्रिल यांना हात लावायचा नाही. 'फक्त जरासा घासतो' म्हणणाऱ्या ओळखीच्या मिस्त्रीला, त्याची लेथ कितीही चांगली असली तरी, पिस्तूल दाखवायचं नाही. खाली जिथे जिथे घासायचं किंवा बसवायचं काम येईल, ते परवानाधारक गनस्मिथचं समजा.

आणि एक. स्लाइड नीट चालते का ते बघायला घरात जिवंत काडतुसं भरून स्लाइड ओढत बसणारे लोक आहेत. फ्लॅटमध्ये, खाली-वर माणसं राहतात तिथे. हे कधीही नको. .३२ च्या पीपीमध्ये (पिस्तूल तेच, काडतूस मोठं) चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागी, काडतूस असल्याची खूण दाखवणारी बारीक पिन मागे बाहेर येते; .२२ मध्ये ती पिनच नसते. त्यामुळे पाहून, आणि दिसत नसेल तर बोट घालून, चेंबर रिकामं असल्याची खात्री करायची. स्लाइडवरच्या सेफ्टीने घोडा पाडायची सोय पीपीत आहे, पण इतक्या जुन्या भागांच्या भरवशावर भरलेल्या चेंबरवर ती वापरू नका.

.२२ एवढं नाजूक का

पीपी १९२९ सालचं डिझाइन. पीपीके त्याच्या मागोमाग आलं. कारखाना तेव्हा जर्मनीतल्या त्सेला-मेहलिसला होता. युद्धानंतर वॉल्थर उल्मला गेली, आणि १९५२ पासून बरीच वर्षं ही पिस्तुलं फ्रान्समध्ये मान्युरीन कंपनीने बनवली. यांत नळी फ्रेमला पक्की असते आणि स्लाइडला कसलंही कुलूप नसतं. बार उडाला की पुंगळी मागे रेटली जाते, ती स्लाइडला रेटते. स्लाइडचं वजन, नळीभोवतीच्या रिकॉइल स्प्रिंगचा ताण आणि घोडा मागे पाडायला लागणारा जोर, एवढंच तिला थोपवतं.

.३२ च्या काडतुसात जोर शिल्लक असतो. थोडी घाण, थोडं जाड तेल ते खपवून घेतं. .२२ लाँग रायफलमध्ये गोळी ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची, आणि दारू चिमूटभर. शिल्लक काही नसतं. त्यात हे काडतूस १८८७ सालच्या घडणीचं: गोळी पुंगळीएवढ्याच जाडीची, मागचा भाग तेवढा बारीक करून पुंगळीत बसवलेला, आणि बाहेरून मेण किंवा ग्रीस लावलेली. ते मेण, काजळी आणि न जळलेली दारू मिळून चेंबरात चिकट थर बसतो. म्हणजे पहिलं मॅगझिन सुरळीत आणि चौथं नाही, यात गूढ काही नाही. मात्र निरोगी पिस्तूल चौथ्याच काय, आठव्या मॅगझिनलाही चालतं. तुमचं चालत नाही याचा अर्थ असलेला थोडका जोर आधीच कुठेतरी खाल्ला जातोय. तो कुठे, हे शोधायचंय.

पुंगळ्या गोळा करा

रेंजवर सगळे टार्गेटकडे बघतात. तुम्ही खाली बघा. पुंगळ्या गोळा करायची परवानगी घ्या, आणि मॅगझिनवार वेगळ्या पिशव्यांत ठेवा. घरी आल्यावर भिंगाखाली एकेक फिरवून बघा. पिस्तूल उघडायच्या आधीच निम्मं निदान इथे होतं.

कडेवर फायरिंग पिनचा ठसा बघा. .२२ मध्ये ठिणगीचा मसाला पुंगळीच्या कडेच्या आतल्या घडीत असतो, मध्यभागी नाही. ठसा खोल आणि स्वच्छ असूनही काडतूस उडालं नसेल, तर ते काडतूस तसंच फिरवून दुसऱ्या जागी ठोका बसल्यावर उडतं का पाहा. उडालं, तर त्या जागी मसालाच नव्हता, दोष काडतुसाचा. ठसा उथळ असेल आणि दुसऱ्या ठोक्याला उडत असेल, तर बहुधा काडतूस पूर्ण आत बसलेलं नव्हतं: पहिल्या ठोक्याने ते आत ढकललं, दुसऱ्याने उडवलं. म्हणजे चेंबर घाण आहे, किंवा त्याच्या तोंडाशी काहीतरी आडवं येतंय. सगळेच ठसे उथळ असतील तर घोड्याची स्प्रिंग. तिच्याबद्दल पुढे बोलू.

उडाली नाही म्हणून लगेच स्लाइड ओढू नका. तोंड टार्गेटकडे ठेवून तीस सेकंद थांबा. उशिरा उडणारं काडतूस विरळ असतं, पण असतं. आणि आवाज नेहमीपेक्षा बारीक, फुसका आला तर तिथेच थांबायचं, पिस्तूल रिकामं करून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघायचं. गोळी नळीत अडकलेली असताना पुढची मारली तर नळी फुगते. अशी नळी पुन्हा कुठून आणणार?

पुंगळीची कड एका बाजूला कुरतडल्यासारखी, ओरखडलेली दिसली तर एक्स्ट्रॅक्टर खेचतोय पण पुंगळी चेंबर सोडत नाही. कड स्वच्छ आहे आणि तरी पुंगळी आतच राहते, तर एक्स्ट्रॅक्टरची नखी झिजलीय किंवा तिच्यामागची स्प्रिंग मेलीय. पुंगळीच्या बुडाशी एका बाजूला फुगवटा दिसला तर मामला उलटा: स्लाइड फार लवकर उघडतेय. अंगावर लांबलचक काजळी असेल तर दाब कमी पडतोय, पुंगळी चेंबरला नीट फुगून चिकटत नाहीये.

तीन गोष्टी वेगळ्या करा

काडतूस, मॅगझिन, पिस्तूल. एका वेळी एकच बदलायची. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी पाळत नाही, कारण काडतुसं महाग आहेत, परवान्यावर मोजून मिळतात, आणि रेंजवर आलोच आहोत तर चार गोष्टी एकदम करून बघू असं वाटतं. मग सुधारलं तरी कशाने सुधारलं ते कळत नाही.

काडतुसांचं थोडक्यात. स्टँडर्ड वेग म्हणजे सेकंदाला साधारण ३२५ मीटर, आवाजाच्या वेगाच्या जरा खाली. टार्गेटची पिस्तुलं त्यावर बेतलेली असतात. जुनी खिशातली पिस्तुलं बरेचदा जरा जोरकस काडतूस मागतात. पण 'जोरकस घातलं की अडकत नाही' हा इलाज म्हणून धरू नका. ते निदान आहे: जोर कुठेतरी खाल्ला जातोय हे त्याने सिद्ध होतं. शिवाय बेरेटासारख्या हलक्या मिश्रधातूच्या फ्रेमला रोज हायपर-व्हेलॉसिटीचा खुराक देणं म्हणजे ती लवकर निकालात काढणं. टोक चपटं, पोकळ किंवा कापलेलं असेल तर ते रॅम्पवर अडखळतं. गोल टोकाचंच वापरून बघा.

मॅगझिनवर नेलपॉलिशने खूण करा, एक आणि दोन. सगळे खोळंबे एकाच मॅगझिनचे निघाले तर बाकी काही उघडायची गरज नाही. मॅगझिनचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, कुणीतरी पक्कडने दाबलेले असतात, दोन्ही बाजू समान नसतात, ते उजेडाकडे धरून मागून बघितलं की कळतं. भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे. मागे गेली तर दोन कडा एकमेकींत अडकतात आणि वरचं काडतूस नाक वर करून बसतं. हा दोष पिस्तुलाचा नसतो, भरणाऱ्या हाताचा असतो. आणि हो, .३२ ची मॅगझिन 'चालतात' म्हणून कुणी विकायला बघत असेल तर घेऊ नका.

स्प्रिंगा: बहुतेक दुखणं इथे निघतं

बघितलेल्या पिस्तुलांत सगळ्यात जास्त वेळा सापडलेला दोष म्हणजे .२२ च्या पीपीत बसवलेली .३२ ची रिकॉइल स्प्रिंग. बाहेरून काही कळत नाही. फ्रेम तीच, नळीची बाहेरची जाडी जवळपास तीच, स्प्रिंग बसते. मागच्या मालकाची मूळ स्प्रिंग थकली, दुकानात .३२ ची होती, बसवली, 'आता कशी कडक झाली' म्हणून सगळे खूष. कडक झाली म्हणजेच स्लाइड पूर्ण मागे जाणं बंद झालं. ती अर्ध्यातून परत फिरते, पुंगळी बाहेर पडायच्या आत तिला चिमटीत पकडते. झाली उभी.

ओळखायचं कसं? पिस्तूल रिकामं करून, चेंबर बघून, घोडा मागे पाडून मग स्लाइड हळूहळू ओढा. .२२ ची स्लाइड दोन बोटांनी जाते. दात-ओठ खावे लागत असतील तर शंका घ्या. रेंजवर आणखी सोपं: मॅगझिनमध्ये एकच काडतूस घाला. बार झाल्यावर स्लाइड रिकाम्या मॅगझिनवर मागे अडकून राहायला हवी. राहत नाही, पण हाताने ओढल्यावर राहते, तर स्लाइड पुरती मागे जातच नाहीये. मात्र मॅगझिनचा वर ढकलणारा तुकडा झिजला असेल तरी हेच दिसतं, म्हणून दोन्ही मॅगझिनवर करून बघा.

स्प्रिंग काढताना एक फोटो घ्या. तिचं एक टोक किंचित घट्ट असतं, आणि ती उलटी बसवल्यानेही स्लाइड कुरकुरते.

दुसरी स्प्रिंग घोड्याची, आणि इथली कारागिरी जास्त घातक. पीपीचा पहिला चाप, म्हणजे घोडा खाली असताना ओढायचा, चांगलाच जड असतो. तो हलका करायला म्हणून घोड्याच्या स्प्रिंगची दोन वेटोळी कापतात. चाप मऊ होतो, हातात घेतल्यावर 'वा' म्हणावंसं वाटतं. विकणारा तेच दाखवतो. पण त्यामुळे ठोका उथळ होतो आणि मिसफायर सुरू होतात. शिवाय वर म्हटलं तसं, स्लाइडला थोपवणाऱ्या तीन गोष्टींत घोड्याचा जोर एक आहे. तो कमी झाला की स्लाइड वेळेआधी उघडते, आणि पुंगळीच्या बुडाला तो फुगवटा येतो. कापलेल्या स्प्रिंगचं टोक बघा: कारखान्याचं टोक सपाट बसवलेलं असतं, कापलेलं तिरपं आणि धारदार. इलाज एकच, नवी स्प्रिंग. ताणून लांब केलेली स्प्रिंग पुन्हा थोड्याच दिवसांत बसते.

एकाच पिस्तुलात कडक रिकॉइल स्प्रिंग आणि कापलेली घोड्याची स्प्रिंग अशी जोडीही मी पाहिली आहे. एकाने केलेली चूक दुसऱ्याने दुसऱ्या चुकीने झाकलेली. अशा पिस्तुलात एकच स्प्रिंग मूळची आणली तर ते आधीपेक्षा जास्त बिघडतं आणि माणूस घाबरून जुनीच परत बसवतो. दोन्ही एकदम बदलायच्या. 'एका वेळी एकच' या नियमाला हा एकमेव अपवाद.

चेंबरच्या तोंडाची जखम

.२२ रिकामं असताना चाप ओढायचा नसतो. पिन कडेवर मारायला घडवलेली असते. काडतूस नसेल तर ती थेट चेंबरच्या पोलादी काठावर आदळू शकते. चांगल्या पिस्तुलांत पिन एवढी पुढे येऊ नये अशी सोय असते, पण झिजलेल्या भागांत तिचा भरवसा नाही, आणि चाळीस वर्षांत कितीजणांनी 'चाप कसा आहे बघू' म्हणून ठकठक केलं असेल त्याचा हिशेब नाही. काठावर खळगा पडतो, आणि खळग्यातलं पोलाद आत चेंबरकडे सरकून तिथे कुसळ उभं राहतं.

ते दिसत नाही, पण सापडतं. स्लाइड उतरवा, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा, आणि कानातल्या कापसाच्या काडीने चेंबरचं तोंड आतून गोल पुसा. जिथे पिन आदळते त्या बाजूला कापसाचे तंतू ओढून निघतील. एखादा तंतू तिथेच लोंबत राहील. तेच कुसळ. प्रत्येक पुंगळी बाहेर येताना त्यावर घासते, आणि तेवढ्यात या काडतुसाचा सगळा शिल्लक जोर संपतो. मागचे दोन कारागीर इथे फसलेले असतात: ते रॅम्प चकचकीत करतात, कारण रॅम्प दिसतो.

याचा इलाज गनस्मिथकडे आहे आणि तो घासायचा नाही. चेंबरच्या मापाची निमुळती कडक सळई आत दाबून सरकलेलं पोलाद परत जागेवर बसवतात. कानस लावली तर खळगा कायमचा राहतो आणि त्या जागी पुंगळीच्या कडेला आधार उरत नाही. काम देताना हे वाक्य कागदावर लिहून द्या, तोंडी नको.

पुढे चापाचा सराव करायचाच असेल तर हार्डवेअरच्या दुकानात भिंतीत स्क्रूसाठी मिळते ती प्लास्टिकची बारीक गिट्टी चेंबरमध्ये बसते का बघा, योग्य मापाची निघाली की पिनचा मार ती झेलते. थोड्या ठोक्यांनी फिरवायची, खराब झाली की फेकायची. वापरलेली पुंगळीही चालते, पण ती आणि जिवंत काडतूस अंधुक उजेडात सारखंच दिसतं. पिवळी किंवा लाल गिट्टी लांबून ओळखू येते.

चेंबरमध्ये आणखी एक जुनी भानगड असते. पूर्वी काही मालक स्वस्त पडतं म्हणून .२२ शॉर्ट मारायचे. शॉर्टची पुंगळी आखूड, त्यामुळे तिच्या पुढे चेंबरमध्ये काजळीचं कडं जमतं आणि दगडासारखं घट्ट होतं. नंतर लाँग रायफल घातलं की पुंगळी त्या कड्यात रुतते. ब्राँझ ब्रश आणि सॉल्व्हंट, रात्रभर भिजवून, दोन-तीन दिवस. पोलादी ब्रश नाही.

ग्रिप, मुलामा आणि बाकीचं सौंदर्य

जुन्या प्लास्टिकच्या ग्रिपा आकसतात, तडकतात. म्हणून शिसवीच्या करून घेतात, आणि दिसतात सुंदर. पण पीपीच्या चापाची लांब पट्टी उजव्या ग्रिपच्या खालून जाते. ग्रिप आतून पुरेशी कोरलेली नसेल, किंवा पावसाळ्यात लाकूड फुगलं, तर ती पट्टी घासते. चाप परत पुढे येत नाही, किंवा अर्धवट येतो. लोक ट्रिगरची स्प्रिंग शोधत बसतात. दोन्ही ग्रिपा उतरवा आणि बिनग्रिपचा चाप कसा चालतो ते रिकाम्या पिस्तुलावर, गिट्टी घालून, बघा. फरक पडला तर लाकूड आतून कोरून घ्यायचं. हे एक काम परवान्याशिवायचा सुतारही करू शकतो, फक्त त्याला ग्रिपच द्या, पिस्तूल नाही.

निकेलचा किंवा क्रोमचा चकचकीत मुलामा दिसला की मी तरी दोन पावलं मागे सरकतो. मुलाम्याला जाडी असते, ती स्लाइडच्या खाचेतही बसते. आणि मुलाम्याआधी बफ मारताना नंबर आणि प्रूफच्या (कारखान्यात चाचणी झाल्याच्या) खुणा पुसट होतात. ओळखनंबर नसलेलं किंवा खाडाखोड केलेलं शस्त्र कलम ८ मध्ये जातं; तिथे 'आधीच्या मालकाने केलं' हे सांगत बसायची वेळ आपल्यावर येते.

म्हणून अजून घेतलं नसेल तर विकत घेताना हे बघा: फ्रेमवरचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळतो का, प्रूफच्या खुणा ठळक आहेत का (उल्मची खूण हरणाच्या शिंगाची असते, शेजारी सालाचे दोन आकडे), आणि मॅगझिन किती व कशी. नळीवर किंवा फ्रेमवर कॅलिबर काय लिहिलंय ते वाचा. चाप मऊ असल्याचं कौतुक कानाआड करा. व्यवहार खासगी असेल तर विकणाऱ्याने लेखी कळवून किमान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात, तोवर हत्यार त्याच्याकडेच. मुंबईत परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयाकडे, क्रॉफर्ड मार्केटसमोर. नोंदीतला एक अंक चुकला तरी फेऱ्या तुमच्याच. कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाकडे दोनच शस्त्रं राहू शकतात, तेव्हा हौस म्हणून तिसरं घ्यायचा विचारच नको.

तेल आणि इथली हवा

मुंबईत ज्याला त्याला गंजाची धास्ती, म्हणून तेल ओतायची सवय. .२२ ला ते मानवत नाही. तेलात काजळी कालवली की खळ होते. एका बॅचलरच्या कपाटातलं पिस्तूल पाहिलं होतं, वडिलांपासूनची पद्धत म्हणून खोबरेल तेल लावलेलं. बाहेरच्या हवेत ठीक. पण कपाट बेडरूममध्ये, एसी रात्रभर २२ वर. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. सकाळी स्लाइड ओढली तर खाचेत पांढरा थर, आणि गडी मला स्प्रिंगबद्दल विचारत होता.

शिलाई मशीनचं पातळ तेल खाचांना एकेक थेंब पुरे. चेंबर आणि फायरिंग पिनचा बोगदा कोरडा. बाहेरून गंजरोधक तेलाचा हलका हात, कापडाने पुसून घेतलेला. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून द्यायचं नाही. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनं पोलादाला खातात. हवाबंद डबा, सिलिका जेल, जून ते सप्टेंबर पंधरवड्याला एकदा उघडून बघणं. वरळीच्या रेंजवरून आलात की हाताचा घाम आणि समुद्राचा वारा दोन्ही त्याच संध्याकाळी पुसा, उद्यावर टाकू नका.

निवडणुकीत ज्यांना शस्त्र ठाण्यात जमा करावं लागतं त्यांच्यासाठी: २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात झाल्या, त्यामुळे काहींची पिस्तुलं दोनदा बाहेर राहिली. जमा करताना पावतीवर नंबर आणि मॅगझिनची संख्या लिहून घ्या. त्या काळापुरतं बाहेरून जाड गंजरोधक ग्रीस लावा आणि तेलकागदात गुंडाळा. परत आल्यावर मात्र ते पूर्ण काढल्याशिवाय रेंजवर नेऊ नका. परत मिळालेलं पिस्तूल 'जमा होतं तेव्हापासून अडकतंय' अशी तक्रार करणाऱ्यांच्या चेंबरमध्ये मला तरी ग्रीसच सापडलंय.

गनस्मिथकडे जाताना

'अडकतंय, बघा जरा' असं म्हणून ठेवून येऊ नका. तसं म्हटलं की तो रॅम्प घासणार, कारण काहीतरी केल्याचं दिसायला हवं. पुंगळ्यांच्या पिशव्या, दोन्ही मॅगझिन, आणि कुठल्या काडतुसाला काय झालं याचा अर्धा पान कागद सोबत न्या. मी नेलं तेव्हा म्हातारबुवांनी कागदाकडे ढुंकूनही बघितलं नाही, पण पुंगळ्या मात्र एकेक करून डोळ्याजवळ धरल्या आणि म्हणाले, "साहेब, स्प्रिंग दुसऱ्याची आहे हिच्यात." पिस्तूल अजून पाकिटातच होतं.

काम झाल्यावर काढलेला प्रत्येक भाग मागून घ्या: कापलेली स्प्रिंग, झिजलेली नखी, जुनी पिन, सगळं. छोट्या डबीत, तारीख आणि काय बदललं ते लिहून, पिस्तुलाच्या कागदांसोबत ठेवा. तुमच्यानंतर ते ज्याच्या नावावर चढेल त्याला निदान अंदाजाने शोधत बसावं लागणार नाही.